माळवद आभाळातून दिसत नाही

१. यंत्राने काढलेला नकाशा आधी पायाखाली घालावा.
उपग्रहाच्या छायाचित्रांवरून कृत्रिम बुद्धिमत्तेने ओळखलेल्या इमारतींच्या कडा गूगलने सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. त्यातला भूमचा भाग छापून घेऊन आम्ही चौघे जुन्या गावात फिरलो. पत्र्याची, स्लॅबची घरं चोख आखलेली. एका बोळातली दोन घरं मात्र कागदावर नव्हतीच. वर चढून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. माळवद होतं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. पांढरी माती, तिच्यात वाळकं गवत, कोपऱ्यात वाळत घातलेल्या मिरच्या. आभाळातून ती मोकळी जागाच वाटणार.

२. नकाशातून सुटलेलं घर सगळ्यांत आधी तपासावं.
३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी-सास्तूर भागात माणसं गाडली गेली ती अशाच दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाच्या ओझ्याखाली. आपल्या भूमच्याच जिल्ह्यात आणि शेजारच्या लातुरात मिळून साडेसात हजारांहून जास्त जीव गेले.

३. भिंतीचं दुखणं घरातल्या बाईला विचारावं.
किल्लारीनंतर घरं दुरुस्त करताना स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं होतं. त्यामागचं शहाणपण मला त्या बोळात कळलं. घरमालक म्हणाले, “भिंत चांगली हाय.” आजी म्हणाल्या, “हात लावून बघ की. पोट सुटलंय तिला.” खरंच सुटलं होतं. आतली आणि बाहेरची बाजू बांधून ठेवणारे लांब दगड नसले की भिंत अशी फुगते.

४. पुराची रेघ वाळायच्या आत गेरूने आखावी.
२०२५च्या सप्टेंबरात भूम-परंडा भागात पाण्याने वेढलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. पाणी कुठवर चढलं, हे भिंतीवर राहिलं तरच पुढे यंत्राचा पुराचा अंदाज ताडून पाहता येईल.

५. फोटो काढण्याआधी विचारावं.
आम्ही विचारलं नाही आणि एक दार तोंडावर बंद झालं. नाव यादीत गेलं की घर पाडायची नोटीस येते, ही भीती खोटी नाही. तेव्हापासून नावं लिहीत नाही, कागदाची प्रत घरातच ठेवतो.

६. नकाशा घरच्यांच्या हातात द्यावा.
सुटलेली दोन्ही घरं आम्ही पेन्सिलीने काढली. आजींनी चौकोनावर बोट ठेवलं. “ह्यात माझी चूल कुठाय?” चूल त्या फुगलेल्या भिंतीलाच होती, आणि शेजारी त्यांची बाज. नातवाने त्याच संध्याकाळी बाज ओट्यावर आणली.