गडावरची टाकी आणि गवताचा पूल
(एक अभ्यास-सहल)

प्राचीन अवशेष पाहावयाचे म्हणजे दूरदेशी गेले पाहिजे, अशी आपली एक समजूत असते. इतिहासाच्या तासाला पेरू देशातील इंका लोकांच्या माचू पिच्चू या नगरीची छायाचित्रे आम्ही पाहिली, तेव्हा वर्गातील बहुतेकांच्या मनात हाच विचार आला. डोंगरमाथ्यावरील दगडी नगरी, तिच्याकडे जाणारी जुनी पायवाट आणि आता त्या प्रदेशात सुरू झालेला, तारेवरून दरी पार करण्याचा झिपलाइनचा खेळ हे सारे पाहून कोणाला मोह होणार नाही? परंतु आमच्या प्राध्यापकांनी एक साधा प्रश्न विचारला : ‘त्या नगरीतील माणसे पाणी कोठून आणीत असत?’ या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही काळदुर्ग, अशेरीगड आणि तारापूर या आपल्याच परिसरातील तीन ठिकाणी जाऊन पोहोचलो. त्या अभ्यासातून हाती आलेले काही विचार वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम माचू पिच्चूविषयी. समुद्रसपाटीपासून सुमारे २४३० मीटर उंचीवरील ही नगरी पंधराव्या शतकाच्या मध्यास उभी राहिली आणि शंभरएक वर्षांतच ओस पडली. १९११ साली हायरम बिंगहॅम या अमेरिकन प्राध्यापकाने ती जगासमोर आणली, तरी आसपासच्या शेतकऱ्यांना ती आधीपासून ठाऊक होती. केनेथ राइट या जलअभियंत्याने विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात तेथील पाणीव्यवस्थेचा बारकाईने अभ्यास केला. डोंगरउतारावरील एका झऱ्याचे पाणी ७४९ मीटर लांबीच्या दगडी पाटाने नगरीत आणलेले आहे, आणि तेथून ते एकाखाली एक अशा सोळा कारंजांतून खाली उतरते. झरा बारमाही असल्यामुळे पाणी साठवून ठेवण्यापेक्षा ते नीट वाहते ठेवणे, हीच तेथील कारागिरांपुढील मुख्य समस्या होती.

आपल्या सह्याद्रीच्या फाट्यांवर परिस्थिती अगदी उलट आहे. येथे चार महिने पाऊस कोसळतो आणि उरलेले आठ महिने कातळ तापतो. उंच माथ्यावर बारमाही झरा क्वचितच सापडतो. म्हणून आपल्या पूर्वजांनी कातळातच टाकी खोदली. छिन्नीने फोडलेला दगड बांधकामाला आणि पडलेला खळगा पाण्याला, असा दुहेरी उपयोग त्यांनी साधला.

पालघर स्थानकापासून मनोरच्या रस्त्याने सहा-सात किलोमीटर गेले की वाघोबा खिंड लागते. तेथून काळदुर्गाची वाट सुरू होते. सुमारे दीड तासाच्या चढणीनंतर आपण एका चौकोनी कातळमाथ्यावर येतो. येथे बुरूज, तटबंदी, वाडे असे काही भव्य दिसेल या अपेक्षेने जाणारा निराश होतो. आमच्यातील काहीजण झालेच. पण थोडी खोदीव टाकी, कातळातील पायऱ्या आणि माथ्यावरून दिसणारा मुलूख एवढी सामग्री अभ्यासकाला पुरेशी आहे. पश्चिमेला पालघर व त्यापलीकडे समुद्र, पूर्वेला सूर्या नदीचे खोरे. पाण्याची सोय थोडी आणि दृष्टीचा टप्पा मोठा, यावरून एक अनुमान काढता येते. ही जागा मोठ्या शिबंदीची नसून टेहळणीची असावी.

अशेरीगडाचे तसे नाही. मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतच्या खोडकोणा गावातून या गडावर चढतात. शेवटच्या टप्प्यात कातळातील अरुंद वाट, लोखंडी शिडी आणि खोदलेल्या पायऱ्या लागतात. वाटेतच पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेली शिळा पाहावयास मिळते. १५५६ मध्ये हा गड पोर्तुगिजांनी घेतला, आणि मराठ्यांच्या १७३७-३९ च्या मोहिमेपर्यंत पावणेदोनशे-एकशेऐंशी वर्षे तो मुख्यतः त्यांच्याकडे राहिला. माथा प्रशस्त असून तेथे टाक्यांची संख्याही बरीच आहे. एवढे पाणी येथे का साठविले असेल, याचे उत्तर माणसांच्या संख्येत आहे.

हे ताडून पाहण्यासाठी आम्ही वहीत एक गणित मांडले. पन्नास माणसांना पिण्यास व स्वयंपाकास माणशी रोज पाच लिटर पाणी धरले, तर दिवसाला २५० लिटर लागते. पावसाळ्याव्यतिरिक्तच्या २४० दिवसांचे ६०,००० लिटर झाले. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद व दोन मीटर खोल अशा टाक्यात ४०,००० लिटर पाणी मावते. म्हणजे केवळ पन्नास माणसांना अशी दोन टाकी हवीत. उन्हाने आटणारे पाणी आणि जनावरांचे पाणी वेगळेच. आता याच टाक्यात अर्धा मीटर गाळ साचला असे समजू. १०,००० लिटर पाण्याची जागा गेली. म्हणजे पन्नास माणसांचे चाळीस दिवसांचे पाणी गेले! वेढा पडला असता गाळाने भरलेले टाके हे पडलेल्या बुरुजाइतकेच घातक ठरले असते. तेव्हा टाके खोदणे हे एकदाचे काम असले, तरी ते उपसणे हे नेमाने करावयाचे काम होते.

तारापूरचा किल्ला समुद्रकाठचा. तेथे तटाच्या आत विहिरी आहेत. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने तो घेतला, त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर धारातीर्थी पडले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई शरण आली. हा इतिहास आपण वाचलेला असतो. पण शौर्याच्या त्या कथेमागे रोजच्या पाण्याची कथा दडलेली असते, ती मात्र सहसा वाचनात येत नाही.

आता दोराविषयी. अशेरीहून उतरल्यावर अनुभवी गिर्यारोहकांच्या देखरेखीखाली आम्ही पायथ्याच्या ओढ्यावर दोर बांधून कप्पीच्या आधाराने तो ओलांडण्याचा सराव केला. आम्ही पडलो कलाशाखेचे, म्हणून दोर जितका ताणावा तितका सुरक्षित, असे आम्हांस वाटत होते. वस्तुस्थिती निराळी आहे. वीस मीटर अंतरावर बांधलेल्या दोराला मधोमध साठ किलो वजनाचा माणूस असताना एक मीटर झोल पडत असेल, तर दोरावर सुमारे तीनशे किलो वजनाइतका ताण येतो. झोल दोन मीटर ठेवला की तो जवळजवळ निम्मा होतो. म्हणून मार्गदर्शक प्रत्येक गाठ दोघांकडून तपासून घेत आणि दोर बांधलेल्या झाडाचे बूडही पाहत. आपण लोंबकळतो ते केवळ दोरावर नव्हे, तर तो बांधणाऱ्याच्या दक्षतेवरही.

येथे पुन्हा पेरूची आठवण होते. अपुरिमाक नदीवर केस्वाचाका नावाचा एक झुलता पूल आहे. तो इचू नावाच्या गवताच्या दोरांचा आहे. गवत ते, ऊन-पावसात कुजावयाचेच. तरीही इंकांच्या काळापासूनची ही विद्या आजही जिवंत आहे. कारण आसपासच्या चार गावांतील लोक दरवर्षी जून महिन्यात एकत्र येतात, प्रत्येक कुटुंब आपल्या वाट्याचा दोर वळून आणते, जुना पूल सोडून देतात आणि नवा विणतात. २०१३ साली युनेस्कोने या परंपरेची मानवजातीचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे एक विलक्षण विरोध ध्यानात येतो. कातळातील टाके गाळाने मरते आणि गवताचा पूल शतकानुशतके जगतो! वास्तू केवळ दगडाच्या बळावर टिकत नाही. तिच्यासाठी दरवर्षी कोणी कष्ट घेते की नाही, यावर तिचे आयुष्य अवलंबून असते. पेरूतील चार गावांनी ते कष्ट सोडले नाहीत. आपल्याकडे गडाची शिबंदी गेली, आणि टाक्यांचा वाली उरला नाही.

अगदी कोणी उरला नाही असे म्हणणेही बरोबर नव्हे. आमच्यासोबत वाट दाखविण्यासाठी पायथ्याचे एक आदिवासी गृहस्थ आले होते. टाक्यापाशी येताच ते म्हणाले, “पाणी प्या, पण आत पाय घालू नका. आमची माणसं, गुरं हेच पाणी पितात.” शनिवार-रविवारी येणारे आमच्यासारखे गट मात्र टाक्यात हात-पाय धुतात, खाऊच्या पिशव्या टाकून जातात. दोरावर लोंबकळताना आपण दुसऱ्याने मारलेली गाठ दोनदा तपासतो. मग दुसऱ्याच्या पिण्याच्या पाण्याविषयी इतके बेफिकीर का?

उत्साहाच्या भरात उद्याच फावडी घेऊन टाकी उपसावयास निघावे, असे मी सुचवीत नाही. गाळातही खापरे, नाणी असे पुरावे असू शकतात. पुरातत्त्व खात्याची परवानगी आणि जाणकारांचे मार्गदर्शन यांवाचून तेथे कुदळ लावणे म्हणजे इतिहासाचे पान फाडणे होय. पण मोजमाप करावयास कोणाची हरकत नसावी. प्रत्येक टाक्याची लांबी, रुंदी, पाण्याची खोली आणि गाळाची पातळी यांची नोंद दोरी व काठी एवढ्या साधनांनी होऊ शकते. पावसाळा संपताच एकदा आणि मार्चमध्ये एकदा अशी नोंद दरवर्षी झाली, तर पाच वर्षांत एक मोलाची वही तयार होईल, आणि परवानगी मागावयास जाताना ती हाती असेल.

इतिहास, भूगोल व अर्थशास्त्र या तिन्ही विभागांना मिळून हे काम करता येण्यासारखे आहे. काळदुर्गापासून आरंभ करावा. तो जवळ आहे आणि तेथील टाकी थोडी आहेत. आमच्या गटाची पहिली वही ग्रंथालयात ठेवली आहे. तिच्यातील पुढची पाने पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यांसाठी मुद्दाम कोरी सोडली आहेत.