दूरच्या छायाचित्रणासाठी कॅमेऱ्याची निवड

भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावरील रोहित पक्षी टिपायचे, तर कॅमेरा कोणता घ्यावा? आपण प्रथम झूमचा आकडा पाहतो. ३५ मि.मी. फिल्मच्या मापाने निकॉन पी-१००० (२०१८) ३००० मि.मी.पर्यंत पोहोचतो, तर सोनी आरएक्स-१० मार्क ४ (२०१७) केवळ ६०० पर्यंत. परंतु सोनीचा सेन्सर क्षेत्रफळाने सुमारे चौपट मोठा. शिवाय पूर्ण झूमवर त्याचे छिद्र एफ/४, निकॉनचे एफ/८. साहजिकच पहाटेच्या मंद प्रकाशात सोनी सरस ठरतो. चंद्रावरील विवरे टिपायची, तर निकॉन बरा. दुपारी मात्र तापलेली हवा थरथरते आणि मोठा झूम ती थरथरही मोठी करून दाखवतो. तेव्हा मित्रहो, पैसे मोजण्यापूर्वी कोणत्या प्रकाशात काय टिपायचे हे ठरवावे. झूमचा आकडा त्यानंतर पाहावा.