आधी टक्कल नीट निरखून बघ

अगं, किती घाबरलीस! लेकीच्या हॅमस्टरच्या पाठीवरची लव उडाली, त्याच महिन्यात न्हाणीच्या जाळीत तुझ्या केसांचा गुंता दिसायला लागला, आणि तू दोन्हींचा एकच धागा जोडून बसलीस. खरं सांगू का, बहुतेक वेळा असा धागा नसतोच. पिंजऱ्यातून माणसात येईल असा केस घालवणारा महत्त्वाचा रोग एकच, नायटा. गोल चट्टा, कडेला पांढरट कोंडा, मध्ये तुटके केस आणि खाज. असं लेकीच्या डोक्यावर दिसलं तर तिला आपल्या मिनी घाटी रुग्णालयात दाखव, नाहीतर सरळ मोठ्या घाटी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात ने. मेडिकलवरून ट्यूब तेवढी आणू नकोस. त्यातल्या बऱ्याच मलमांत स्टिरॉइड असतं, त्यानं खाज थांबते आणि बुरशी आत फोफावते. शिवाय डोक्यातल्या नायट्याला पोटातून गोळ्याच लागतात, कारण मलम केसाच्या मुळापर्यंत पोचत नाही.

तसा चट्टा नाही ना? मग त्या जिवाकडे बघ. दोन्ही कुशींवर सारखेच काळपट ठिपके असतील तर तो रोग नाही. मोठ्या, सीरियन जातीच्या हॅमस्टरला तिथे गंधग्रंथी असतात, नरात त्या जास्त उठून दिसतात. नाकावरचेच केस गेले असतील तर तो पिंजऱ्याच्या गजांवर तोंड घासतोय. मोठी जागा आणि पळायला चाक मिळालं की हे बरंचसं थांबतं. पाठीवर आणि ढुंगणाकडे कोरडी, खपल्यांची त्वचा असेल तर माइट असू शकतात, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किडे. हॅमस्टरचे हे किडे माणसांत मुक्काम करत नाहीत, तेवढी भीती काढून टाक. पण बहुधा म्हाताऱ्या नाहीतर आतून आजारी जनावरातच ते माजतात. हॅमस्टरचं आयुष्यच दोन-तीन वर्षांचं, त्यामुळे दीड वर्षाचा हॅमस्टर म्हणजे उतारवयाचाच समज. दोन्ही बाजूंनी सारखे केस जाताहेत, पोट सुटलंय आणि पाणी खूप पितोय, असं असेल तर हार्मोनचा बिघाड असू शकतो. तिथे घरचा इलाज चालत नाही.

आणि हो, तू त्याला नुसत्या सूर्यफुलाच्या बिया घालतेस ना? त्यात चरबीच जास्त. त्याच्या खाण्यात सोळा टक्क्यांच्या वर प्रथिनं हवीत, म्हणून कधी उकडलेल्या अंड्याचा कण दे, कधी मोड आलेले मूग. खाली वासाचा पाइन-देवदारचा भुसा असेल तर काढ आणि बिनवासाचा टिश्यू फाडून टाक. खोबरेल, कडुनिंबाचं तेल, कुत्र्याची गोचीड पावडर यातलं काहीही त्याला लावू नकोस, तो ते चाटून पोटात घालतो. जनावरांच्या डॉक्टरकडे नेण्याआधी फोन करून विचार, ‘ससे-उंदीर बघता का?’ सगळेच बघत नाहीत.

आता तुझं. गळालेला एक केस उजेडात धर. टोकाला पांढरा बारीक मणी दिसला तर तो मुळापासून गळालाय. दोन्ही टोकं बोथट असतील तर तुटलाय. आपल्याकडे नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे मी तुला सांगायला नको. मधले दिवस टँकर नाहीतर बोअर. त्या जड पाण्यानं केस राठ होतात, तुटतात, पण मुळासकट झडत नाहीत. म्हणून सगळं खापर पाण्यावर फोडू नकोस, तीन महिने मागे जा. गणपतीत तुला डेंग्यू झाला होता ना? मोठा ताप, बाळंतपण, टायफॉइड किंवा उपाशी राहून उतरवलेलं वजन, यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात. म्हणूनच ते मार्गशीर्षात दिसतंय. रोज पन्नास ते शंभर केस तर सगळ्यांचेच जातात. हे तापानंतरचं गळणं साधारण सहा महिन्यांत आपोआप ओसरतं. तरी हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासून घे. पाळी जास्त जात असेल तर हे नक्कीच. आणि शिफ्टला जाताना तो अंबाडा इतका करकचून बांधू नकोस गं, कपाळाकडचे केस त्यानं कायमचे जाऊ शकतात.

बुलढाण्याचं आठवतंय ना? डिसेंबर 2024 च्या शेवटी शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, काळवड, हिंगणा अशा गावांत आधी डोकं खाजायचं आणि दोन-तीन दिवसांत टक्कल पडायचं. पहिला संशय पाण्यावर आणि बुरशीवर गेला. मग आयसीएमआरचं पथक आलं. डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावर काम केलेले, मूळचे आपल्याच जालना जिल्ह्यातले, त्यांनी रेशनचा गहू आणि लोकांचं रक्त, लघवी, केस तपासले. गव्हात सेलेनियम फार जास्त निघालं, माणसांच्या शरीरातही, आणि जस्त कमी. ही गळती त्या गव्हामुळेच झाली, असं त्यांचं म्हणणं आहे. कॉलेजच्या मुलींचं शिक्षण अडलं, ठरलेली लग्नं खोळंबली. तो संसर्ग नव्हता, तरी लोक एकमेकांना टाळायला लागले, याचं मला फार वाईट वाटतं.

हे मुद्दाम सांगतेय. तू ज्या केसांच्या गोळ्या मागवल्यास ना, त्यांची बाटली फिरवून मागचं वाच. अशा बऱ्याच गोळ्यांत सेलेनियम असतं. शरीराला ते रोज मायक्रोग्रॅमात लागतं, आणि जास्त झालं की केस आणि नखं दोन्ही जातात. बायोटिन असेल तर ते थायरॉइडच्या रिपोर्टमध्ये घोळ घालतं. तेव्हा गोळ्या आजच बंद कर आणि रक्त द्यायला जाशील तेव्हा तिथे सांग की मी या घेत होते. तोवर भाकरी-भाजी, डाळ, शेंगदाण्याची चटणी आणि वर लिंबू, एवढं नीट खा.

लेकीला पिंजऱ्यात हात घातल्यावर साबणानं हात धुवायला लाव, आणि शनिवारी रिपोर्ट घेऊन माझ्याकडे ये.