हंगाम संपला, आता ट्रॅक्टरचा तळ धुवा



गळीत हंगामात ऊस ओढून ट्रॅक्टरच्या तळाला ऑईल, ग्रीस, माती आणि पाचटाचा जाड थर बसतो. ‘चालतंय की’ म्हणून आपण तो तसाच ठेवतो. पण त्या थराखाली गळती, तडा, ढिला बोल्ट दिसत नाही आणि सायलेन्सरजवळचे तेलकट पाचट पेटूही शकते. म्हणून आम्ही सुचवितो :

१) सपाट, कठीण जागेवर इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. बॅटरीची तार सोडवावी, चाकांना दगड लावावेत.

२) नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीखाली कधीही शिरू नये. जॅकचे सील गेले की सगळे वजन क्षणात खाली येते. घोडी किंवा जाड लाकडी ठोकळे द्यावेत. विटा नकोत, त्या फुटतात.

३) थर लाकडी पट्टीने खरवडून साबणाच्या गरम पाण्याने ब्रशने घासावा. पेट्रोल मुळीच वापरू नये. त्याची वाफ जमिनीलगत पसरते, लांबच्या विडीनेही भडकते. भर उन्हात रॉकेलही धोक्याचेच.

४) वायरिंग झाकावे, ब्रेकला तेल लागू देऊ नये. वाळल्यावर प्रत्येक निपलला ग्रीस भरावे.

आणि हो, धुणे नदीकाठी नको. कराडला कोयना कृष्णेला मिळते, तेच पाणी पुढे सांगलीकर पितात. खरवडलेला चिकटा डब्यात भरावा, ओढ्यात टाकू नये.

काम तासाभराचे आहे, पण घाई करू नका. ट्रॅक्टर दुरुस्त होतो, माणूस परत मिळत नाही.