बिऱ्हाड कोठे थाटावे?

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. माणसाचे तसे नसते. तो गाव सोडून परमुलखात निघाला, की भांडीकुंडी, अंथरुणे, पेट्या यांबरोबर एक प्रश्नही सोबत घेऊन निघतो. काम कोणते आणि पगार किती, हे बहुधा निघण्यापूर्वीच ठरलेले असते. पण रात्री पाठ कोठे टेकावयाची, पाणी कोठून भरावयाचे, आजारपणात कोणाचे दार ठोठवावयाचे आणि मुलांनी कोणत्या शाळेत जावयाचे, हे तेथे पोहोचल्यावरच ठरवावे लागते. कामाची निवड पुष्कळदा माणसाच्या हाती नसते. राहण्याच्या जागेची निवड थोडीफार असते. म्हणूनच ती विचारपूर्वक करावी लागते.

नाशिक जिल्ह्यातील चांदवड या गावाने हा प्रश्न सोडविताना किती तरी माणसे पाहिली आहेत. सातमाळेच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, मुंबईहून आग्र्याकडे जाणाऱ्या प्राचीन वाटेवर हे गाव वसले आहे. वर किल्ला, डोंगराच्या कुशीत रेणुकादेवीचे देऊळ, खाली बाजारपेठ, आणि थोड्याच अंतरावर राहूड घाट. उत्तर हिंदुस्थानातून दख्खनेत उतरणारे व्यापारी, यात्रेकरू, फौजा आणि पोटासाठी निघालेली साधी माणसे याच वाटेने येत. त्यांतील काही पुढे गेली, काही येथेच थांबली. थांबली ती का थांबली आणि पुढे गेली ती का गेली, हे पाहण्यासारखे आहे.

अठराव्या शतकात चांदवड होळकरांकडे आले. होळकर घराणे मूळचे या भागातले नव्हे. नीरा नदीकाठचे होळ हे त्यांचे गाव. त्यावरूनच त्यांना होळकर हे आडनाव मिळाले. मल्हारराव होळकर यांचा जन्म 1693 मधला. ते लहान असतानाच वडील वारले, आणि त्यांची आई मुलाला घेऊन आपल्या भावाकडे, खानदेशातील तळोदे येथे गेली. पुढे ज्याने माळव्यात मोठे राज्य उभे केले, त्याच्या आयुष्यातले पहिले स्थलांतर असे एका विधवा मातेने ठरविलेले होते. तिने मोठे शहर पाहिले नाही, सुपीक जमीन पाहिली नाही. जेथे पाठीशी उभा राहणारा भाऊ आहे, ते गाव पाहिले. आजही परगावी निघालेला माणूस तेथे आपल्या ओळखीचे कोण आहे, हे प्रथम विचारतो. त्याला कोणी भित्रेपणा म्हणत असेल, तर ते बरोबर नाही. अनोळखी मुलखात एक ओळखीचे घर असणे ही फार मोठी ठेव आहे.

चांदवडला होळकरांचा रंगमहाल आजही उभा आहे. कोरीव लाकडी खांब, भिंतींवरील चित्रे, आत प्रशस्त पायऱ्यांची विहीर, असा त्याचा थाट आहे. पण राजवाडा बांधल्याने गाव वसत नाही. होळकरांनी विणकरांना व इतर कारागिरांना जमिनी देऊन येथे आणून वसविले. गावात टांकसाळ होती व येथला चांदोरी रुपया आसपासच्या मुलखात चालत असे. तांब्यापितळेची भांडी घडविणाऱ्यांच्या हातोड्यांचा नाद पेठेत घुमत असे. जमीन, काम आणि जाता-येता गिऱ्हाईक आणून देणारी वाट या गोष्टी एकाच ठिकाणी मिळत होत्या, म्हणून कारागिरांनी येथे घरे केली.

ही दृष्टी होळकरांच्या घरात आणखी एका व्यक्तीपाशी होती. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी या लहानशा गावी 1725 मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाई लग्न होऊन होळकरांच्या घरी आल्या. 1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. 1766 मध्ये सासरे मल्हारराव गेले. दुसऱ्याच वर्षी पुत्र मालेराव गेला. राज्याचा भार अहिल्याबाईंवर आला, आणि त्याबरोबर हाही प्रश्न आला, की आता राहावयाचे कोठे?

इंदूर हाताशी होते. तेथे होळकरांचे ठाणे होते. तरीही अहिल्याबाईंनी नर्मदेच्या उत्तर तीरावरील महेश्वर हे गाव निवडले. तेथे वाहते पाणी होते. जुना किल्ला होता. नर्मदेच्या दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंची ये-जा होती. फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे सोपविल्यामुळे त्यांना छावणीच्या गजबजाटात राहण्याची गरज नव्हती; न्यायनिवाडा, हिशेब आणि पत्रव्यवहार यांसाठी निवांत जागा हवी होती. ती त्यांना महेश्वरी मिळाली. आजही तेथे त्यांचा वाडा पाहिला, म्हणजे तो राजवाड्यापेक्षा एखाद्या खाऊनपिऊन सुखी घराण्याच्या घरासारखाच वाटतो. चांदवडचा रंगमहाल याहून कितीतरी देखणा आहे. पण कारभार चालला तो या साध्या वाड्यातून.

आपण राहावयास गेलो, एवढ्याने गाव नांदते होत नाही, हे अहिल्याबाईंना ठाऊक होते. त्यांनी बाहेरून विणकर आणवून महेश्वरात वसविले. पुढे 1818 मध्ये मंदसोरचा तह झाल्यावर होळकरांची राजधानी इंदुरास गेली, दरबार गेला, पण विणकरांचे माग राहिले. महेश्वरी लुगडी आजही तेथे विणली जातात. राजाचे बिऱ्हाड हलते. जेथे हाताला काम आहे, तेथल्या कारागिरांचे बिऱ्हाड मात्र सहसा हलत नाही.

सहसा म्हटले, कारण कधीकधी तेही हलते. चांदवडकडे पुन्हा वळू या. 1861 च्या सुमारास नाशिक जिल्ह्यातून आगगाडी सुरू झाली. रूळ पडले ते लासलगाव, मनमाड या बाजूने. चांदवड बाजूला राहिले. ज्या वाटेमुळे गावाला महत्त्व आले होते, त्या वाटेवरचा माल रुळांवर गेला. भांडी तीच, कारागीर तेच, पण गिऱ्हाईक दुसरीकडे. त्याच काळात मनमाड मात्र वाढू लागले. गाव निवडताना ते आज कसे आहे एवढेच पाहून चालत नाही. त्याची वाट उद्या कोठे वळणार, हेही पाहावे लागते. आता ते कोणाला सांगता येणार, असे कोणी म्हणेल. खरेच आहे. म्हणूनच शहाणी माणसे एकाच गोष्टीवर विसंबत नाहीत.

होळकरांच्या कारागिरांना निदान बोलावणे तरी होते. ज्यांना कोणीच बोलाविले नाही, त्यांचे काय? 1857 च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानात मोठी पळापळ झाली. बनारस, मऊ, अलाहाबाद या बाजूंचे मुसलमान विणकर घरेदारे सोडून, बायकामुलांसह दक्षिणेकडे निघाले. काही बैलगाडीने, पुष्कळसे पायी. आग्रा रस्त्याने शेकडो कोस चालून ही माणसे खानदेश ओलांडून नाशिक जिल्ह्यात आली. राहूड घाट चढून चांदवड गाठण्यापूर्वीच त्यांना मालेगाव लागले, आणि त्यांतील अनेकांनी तेथेच माग मांडले.

मालेगावात असे काय होते? मोसम आणि गिरणा यांच्या संगमावरचे हे गाव. सूत धुवावयास आणि रंगवावयास विणकराला पाणी लागते. ते तेथे होते. 1740 मध्ये नारो शंकर यांनी तेथे भुईकोट किल्ला बांधावयास घेतला होता. त्या कामासाठी सुरतेकडून व उत्तरेकडून आलेले कामकरी तेथेच राहिले होते. त्यामुळे नव्याने आलेल्यांची भाषा समजणारी माणसे गावात आधीपासून होती. माग मांडावयास व ताणा पसरावयास मोकळी जागा होती. भोवतालचा मुलूख शेतकऱ्यांचा. त्या घरांतील बायकांना रंगीत लुगडी हवी होती. येथेच या विणकरांचे खरे शहाणपण दिसते. जे आपण गावी विणत होतो तेच येथे विणू, असा हट्ट त्यांनी धरला नाही. मराठी बायका कोणता रंग पसंत करतात, काठ केवढा लागतो, लांबी किती लागते, हे त्यांनी पाहिले आणि नऊवारी लुगडी विणू लागले. घरात उर्दू बोलणाऱ्या विणकराने विणलेले लुगडे नेसून कसमादेच्या शेतकरीणी बाजाराला येऊ लागल्या.

एक घर वसले, की त्या घराच्या आधाराने दुसरे वसते. गावाकडे निरोप जातो, भाऊबंद येतात, पहिल्या ओसरीवर चार दिवस काढतात आणि शेजारी आपले बिऱ्हाड करतात. अशा रीतीने मोहल्ले वाढत गेले. 1935 च्या सुमारास मालेगावात यंत्रमाग आले, आणि आज देशातील यंत्रमागाच्या मोठ्या गावांत मालेगावची गणना होते. मात्र पहिल्या निवडीची उणीवही तेथे दिसते. काम आणि घर एकाच छपराखाली असल्यामुळे घरे दाटीवाटीची झाली, गल्ल्या अरुंद राहिल्या, आणि मागाचा खडखडाट निजलेल्या मुलाच्या उशाशी आला. कामाजवळ राहणे सोयीचे खरे, पण काम अगदी अंथरुणापर्यंत येऊ देणे सोयीचे नाही.

ही झाली जुनी माणसे. आज चांदवडास बदलून येणाऱ्या शिक्षकापुढे, परिचारिकेपुढे, बँकेतील कारकुनापुढे दुसराच पेच असतो. नाशिक येथून सुमारे पासष्ट किलोमीटर. रुंद महामार्ग झाला आहे, मोटारी भरधाव जातात. तेव्हा नाशिकलाच राहावे आणि रोज ये-जा करावी, असा विचार मनात येतो. मुलांना मोठी शाळा, घरी वृद्ध आईवडील असतील तर त्यांना मोठा दवाखाना, ही कारणे खोटी नाहीत. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. रोज एकशे तीस किलोमीटरचा प्रवास म्हणजे तीन-साडेतीन तास गेले. शिवाय जो शिक्षक शाळा सुटताच गाडीसाठी धावतो, त्याला कोणत्या मुलाच्या घरी दिवा नाही, कोणाच्या घरी पाणी भरण्याची पाळी त्या मुलाचीच आहे, हे कसे कळावे? रात्री विंचू चावलेल्या मुलाला खेड्यातील लोक दवाखान्यात आणतात, तेव्हा डॉक्टर गावात राहतो की पासष्ट किलोमीटरवर, याला फार मोठा अर्थ येतो. सरकारी नोकराने नेमणुकीच्या गावी राहावे, असा दंडक आहे आणि तो पुष्कळदा कागदावरच राहतो. दंडक मोडणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. परंतु गावात राहण्याजोगे भाड्याचे घर मिळते का, नळाला पाणी किती दिवसांनी येते, हेही त्याच दमात विचारले पाहिजे. चांदवड तालुका पावसाच्या बाबतीत कमनशिबी आहे. उन्हाळ्यात येथल्या अनेक खेड्यांना टँकरची वाट पाहावी लागते.

या सर्वांहून कठीण निवड असते ती सुरगाणा, पेठ या डोंगराळ तालुक्यांतून येणाऱ्या मजुरांची. तेथे पाऊस धो धो पडतो, पण उतारावरून वाहून जातो. भात-नागलीची कामे आटोपली, की शेतात काही उरत नाही. मग आदिवासी कुटुंबे दिंडोरी, निफाड, चांदवड या भागांतील द्राक्षबागांत आणि कांद्याच्या शेतांत कामाला येतात. बागेची छाटणी, डहाळ्यांची बांधणी, घडांची विरळणी ही हलक्या हाताने करावयाची कामे त्यांना उत्तम साधतात. महिने दोन महिने, कधी त्याहून अधिक काळ राहावयाचे. त्यामुळे घर म्हणजे मळ्याच्या कडेची एक खोली किंवा पाचटाची झोपडी.

तरीसुद्धा ही माणसे निवड करतात. कोणत्या मळ्यावर जावयाचे हे ठरविताना टोळीतील जाणती बाई नुसती मजुरी विचारत नाही. विहीर किती लांब, सरपण मिळते का, रात्री दिवा असतो का, मागील वर्षी मालकाने हिशेब चोख केला की नाही, हे ती विचारून घेते. गेल्या हंगामात तेथे राहून आलेल्या माणसाचा शब्द तिला शंभर आश्वासनांहून मोलाचा वाटतो. घर पाहावे बांधून, असे म्हणतात. तिला ते दर वर्षी नव्याने पाहावे लागते.

यानंतरचा प्रश्न मात्र तिला रात्रभर जागवितो. मुलाला बरोबर न्यावयाचे, की गावी आजीपाशी ठेवावयाचे? बरोबर नेले तर मूल डोळ्यांसमोर राहते, पण त्याचा वर्ग सुटतो आणि धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे काम त्याच्याकडे येते. गावी ठेवले तर शाळा टिकते, पण आई दुरावते. अशा मुलांसाठी शासनाने हंगामी वसतिगृहाची योजना काढली आहे; आईवडील परतेपर्यंत मुलाने गावात राहून शिकावे, असा तिचा हेतू आहे. बरोबर आलेल्या मुलाला कामाच्या गावच्या शाळेत बसू द्यावे, अशीही सोय आहे. तेव्हा मळ्यावर पोहोचल्यावर झोपडीची जागा दाखविली जात असता, विहीर पाहून झाली म्हणजे ती बाई मालकाला आणखी एक गोष्ट विचारते. शाळा येथून किती दूर आहे, आणि वाटेत महामार्ग ओलांडावा लागतो काय?