वीज गेली तरी विहिरीचे पाणी मिळायला हवे

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ शेजारच्या रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागले आणि आपल्या दापोली, मंडणगड तालुक्यांतले विजेचे खांब आडवे झाले. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच मंडणगडातले. कित्येक वाड्यांत वीज यायला काही आठवडे गेले. नळपाणी योजनेचा पंपही विजेवरच चालतो, त्यामुळे नळाचाही भरवसा नाही. विहिरीत पाणी असूनही घरात नाही, अशी ती अवस्था.

आरोग्याच्या पानावर विजेचे काय काम, असे कोणी विचारील. टाकी संपत आली की माणूस आधी हात धुणे सोडतो, मग भांडी एकाच पाण्यात विसळतो आणि शेवटी पऱ्याचे पाणी घरात आणतो. जुलाब आणि कावीळ तिथूनच येतात.

म्हणून आमचे पहिले सांगणे रहाटाचे. पंप बसल्यावर पुष्कळ घरांनी रहाट काढून टाकला. बुद्ध पौर्णिमा झाली की मृगाआधी तो, निदान लोखंडी कप्पी तरी, परत बसवा. दोराची लांबी तेव्हाच मोजा, कारण पाणी तळाला गेलेले असते. विहिरीत सोडायचा पोहरा एकच ठेवा आणि तो खुंटीला टांगा. प्रत्येकाने आपापली कळशी सोडली तर ओट्यावरचा चिखल तिच्या बुडाला लागून आत जातो. बोअरवेलला रहाट चालत नाही. तिथे हातपंप किंवा वाडीची विहीर हाच आधार. नळ आला म्हणून बौद्धवाडीची जुनी विहीर गाळाने भरू देऊ नका. पाणवठ्यावर मज्जाव असताना ती खणणाऱ्यांनी काय सोसले, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

वादळाची सूचना आली की टाकी भरून घ्या. माणशी दिवसाला १५ लिटर धरले तर ५०० लिटर पाणी पाच जणांना सहा दिवस पुरते. धुण्याला पागोळ्यांचे पाणी चालते.

जांभ्यातून पावसाचे पाणी झपाट्याने मुरते आणि वरची घाण विहिरीत उतरते. अशा वेळी टीसीएल पावडर हवी. १,००० लिटरला २.५ ग्रॅम हे माप. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी २ मीटर खोल असेल तर सुमारे १४,००० लिटर पाणी होते, म्हणजे ३५ ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवून दहा मिनिटे निवळू द्या. वरचे पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने विहिरीत सोडा व खालीवर हलवा. खालचा चुना विहिरीत टाकू नका. तासाभराने पाणी भरा. पिण्याचे पाणी तरीही उकळलेलेच बरे.

घरच्या लहान इन्व्हर्टरवर एक अश्वशक्तीचा पंप सुरू होत नाही; सुरू होताना तो कितीतरी पट वीज ओढतो. जनरेटर असेल तर तो घरात किंवा पडवीत लावू नका, आणि पेट्रोलवरचा पंप विहिरीत उतरवून तर कधीच चालवू नका. त्याच्या धुराला वास कमी असला तरी त्यातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. आत कोणी कोसळला तर त्याच्यामागे उतरू नये. जनरेटरची वायर घरच्या प्लगमध्ये खुपसली तर वीज उलटी तारेत जाते आणि खांबावर चढलेला वायरमन मरू शकतो. चेंजओव्हर स्विच वायरमनकडूनच बसवून घ्या.

वीज जाताच पंपाचा स्विच बंद करा. परत आल्यावर दाब स्थिर होईपर्यंत थोडे थांबा, विहिरीतली पातळी पाहा आणि मगच, कोरड्या हाताने व पायात चप्पल घालून, पंप लावा.