पाऊस, भरती आणि आपले भाईंदर

विद्यार्थिमित्रांनो, भूगोलाच्या पुस्तकात महापूर, भूकंप व वादळे दूरदेशांच्या नकाशांसह येतात. त्यामुळे ही संकटे इतर कोणावर तरी ओढवतात, असा आपला समज होतो. म्हणून आज खाडीकाठच्या आपल्या गावापासूनच आरंभ करू.

ता. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे पाऊस सुरू झाला, तो चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला. त्याच अवधीत कुलाब्यास ७५ मिलिमीटरही झाला नाही! दुपारी समुद्रास मोठी भरती असल्यामुळे नाल्यांचे पाणी बाहेर जाईना. मुंबईप्रमाणे मीरा रोड व भाईंदर येथेही घरांत पाणी शिरले. त्या अतिवृष्टीत महाराष्ट्रात एक हजाराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

पाऊस आकाशातून येतो हे खरे. परंतु त्याची आपत्ती होते ती जमिनीवर. आपल्या उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस उत्तनचा समुद्र. मधल्या सखल भूमीत पूर्वी मिठागरे व भातखाचरे, आणि काठाने तिवरांची दाट राई. पावसाळ्यात मिठागरांचे काम बंद असे, तेव्हा जादा पाणी त्यांच्या पोटात सामावे. तिवरांची मुळे गाळ धरीत व लाटांचा जोर मोडीत. २००१ साली शहराची वस्ती ५ लक्ष २० हजार होती, ती २०११ साली ८ लक्षांवर गेली. एवढ्या माणसांस राहावयास जागा पाहिजेच. गरिबास परवडणारी जागा बहुधा सखल भागातच मिळते. त्याला दोष देणे मला तरी न्याय्य वाटत नाही. पण भराव घातल्याने पाणी नाहीसे होत नाही, ते शेजाऱ्याच्या उंबऱ्याशी जाते. तिवरांच्या तोडीस मुंबई उच्च न्यायालयाने २००५ सालीच मनाई केली.

तिकडे आकाशही पूर्वीचे राहिलेले नाही. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धारण करू शकते. साहजिकच पाऊस कोसळतो तेव्हा एकदम कोसळतो. मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीचे प्रसंग १९५० पासून २०१५ पर्यंत सुमारे तिप्पट झाल्याचे शास्त्रज्ञांस आढळले आहे.

तथापि संकट मोठे म्हणून मृत्यूही अधिक, असा नियम नाही. १९९९ च्या ऑक्टोबरात ओडिशाच्या चक्रीवादळाने सुमारे दहा हजार बळी घेतले. २०१३ साली फायलिन नावाचे प्रचंड वादळ त्याच किनाऱ्यावर आले, तेव्हा मृतांचा आकडा शंभराच्या आतच राहिला. वारा काही सौम्य नव्हता; निरोप वेळेवर पोहोचला होता आणि लक्षावधी लोक आधीच सुरक्षित स्थळी हलविले गेले होते.

येत्या जूनपासून इयत्ता नववीचे विद्यार्थी शाळेच्या आवारात पर्जन्यमापक ठेवतील आणि रोजच्या पावसाशेजारी भरतीची वेळ फळ्यावर लिहितील. पालकांस एक विनंती आहे : २००५ साली आपल्या इमारतीत पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते, ते मुलांस दाखवावे. ती उंची वर्गाच्या नकाशावर मांडावयाची आहे.